करार आणि कायदा यांच्या मधोमध: पुण्यातील कचरावेचकांच्या संघटनेचे प्रकरण

पुणे महानगरपालिका आणि ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था यांच्यात २०१६ साली झालेला करार २०२० सालाच्या अखेरीस संपला. करार संपल्यानंतरच्या सकाळीही नेहमीच्याच बायका नेहमीच्याच ढकलगाड्या घेऊन नेहमीच्याच दारांवर उभ्या राहिल्या आणि कचरा उचलला गेला. त्यापुढचे कित्येक महिने हे काम छोट्या छोट्या मुदतवाढींवर चालले. मुदत संपत आली की संस्थेचे प्रतिनिधी महापालिका भवनात आणि कचरावेचक महिला भवनाच्या दाराशी, असे चित्र दिसू लागले. ज्यांच्यावाचून शहराचे चार दिवसही भागत नाही, त्यांनाच आपले काम पुढच्या महिन्यात आपल्याकडे राहील की नाही याची खात्री नव्हती.

शासनावर प्रभाव टाकणारे गट म्हटले की आपल्यासमोर साखर कारखानदार, बांधकाम व्यावसायिक, व्यापाऱ्यांचे महासंघ किंवा फार तर सुशिक्षित नागरिकांचे मंच येतात. ज्यांच्याकडे पैसा नाही, बहुतेकींना लिहिता-वाचता येत नाही, जातीच्या उतरंडीत ज्यांना खालची पायरी मिळाली आणि ज्यांची मते एखाद्या प्रभागात एकवटलेलीही नाहीत, अशा स्त्रियांच्या संघटनेने, म्हणजे ‘स्वच्छ’च्या मागे उभ्या असलेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती’ने, महापालिकेकडून आणि पुढे केंद्राच्या नियमावलीतूनही काही पदरात पाडून घेतले, म्हणून हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. मात्र काय मिळाले याच्याइतकेच ते कोणत्या रूपात मिळाले हेही पाहिले पाहिजे. या संघटनेने जे मिळवले ते मुख्यतः ओळखपत्र आणि करार या रूपात मिळवले, स्वतःच्या कायद्याच्या रूपात नाही, आणि तिच्या प्रभावाचे बळ काय व तो कच्चा कुठे राहिला या दोन्हींचा उलगडा मला तिथेच होतो.

मालक कोण, हा पहिला प्रश्न

१९९०च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाचे कार्यकर्ते कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवण्याच्या निमित्ताने वस्त्यांत जाऊ लागले. मुलांच्या मागोमाग त्यांच्या आया, आणि आयांच्या मागोमाग कचराकुंड्या, असा त्यांचा प्रवास झाला, आणि प्रश्न बाराखडीचा कमी व भंगाराच्या भावाचा जास्त आहे हे त्यांच्या ध्यानात आले. या बायकांपैकी बहुसंख्य दलित समाजातल्या होत्या आणि अनेकींची कुटुंबे १९७२च्या दुष्काळात गाव सोडून पुण्यात आलेली होती. पहाटे निघायचे, कुंडीत उतरून कागद, काच, पत्रा, प्लास्टिक निवडायचे, पोते पाठीवर टाकून भंगाराच्या दुकानात न्यायचे आणि काटा दाखवील ते वजन व दुकानदार सांगेल तो भाव मुकाट्याने घ्यायचा, असा त्यांचा दिवस होता.

कार्यकर्त्यांनी काही भागांत एक साधी सोय करून पाहिली. रहिवाशांनी सुका कचरा घरातच वेगळा ठेवावा आणि तो या बायकांना थेट द्यावा. कुंडीत उतरावे लागले नाही, माल स्वच्छ मिळाला आणि कमाई वाढली. पण ही सोय बसते न बसते तोच एका खासगी उद्योजकाने त्याच भागात वाहन लावून कचरा गोळा करण्याची तयारी सुरू केली. बायकांनी एकत्र येऊन विरोध केला आणि त्याला माघार घ्यावी लागली. पुढच्या तीस वर्षांचा सारा संघर्ष या छोट्या प्रसंगात आधीच येऊन गेला आहे असे मला वाटते, कारण कचऱ्यात कमाई आहे हे सिद्ध झाले की कमाई करू पाहणारा दुसरा कोणी येतोच.

मे १९९३मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. शहराच्या निरनिराळ्या भागांतून आठशेहून अधिक जण आले आणि तिथे ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. नावात आधी माल येतो, मग कष्ट, आणि शेवटी न्यायनिवाड्याची जुनी संस्था. हे नाव सभासदांना समजावून सांगावे लागत नसे.

‘पंचायत’ हा शब्द हमाल पंचायतीकडून आला. बाबा आढाव यांनी पुण्यातल्या हमालांना १९५०च्या दशकापासून संघटित केले होते, आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील व पुण्यात हमाल पंचायत अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या चळवळींच्या रेट्यातून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. या कायद्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. हमालाला कायमचा मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर काम असते. म्हणून कायद्याने व्यापारी, कामगार आणि सरकार यांचे प्रतिनिधी असलेले मंडळ मधे उभे केले. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरचा ठरावीक अधिभार मंडळाकडे भरायचा, आणि मंडळाने त्यातून हमालाची मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) वगैरे सांभाळायचे. ही तरतूद एखाद्या बाजार समितीच्या किंवा नगरपालिकेच्या मर्जीवर राहिली नाही. ती बदलायची तर विधिमंडळात जावे लागते.

कचरावेचकांना हेच सूत्र लावायला गेले की पहिल्या पायरीवरच अडते. इथे मालक कोण? कुंडी महापालिकेची, कचरा रहिवाशांचा, माल घेणारा भंगारवाला, आणि यांपैकी एकानेही या बाईला कामाला लावलेले नाही. मालकच नसल्यामुळे संप करून अडवायचे कोणाला हाही प्रश्न होता, कारण कचरावेचकांनी काम बंद केले तर सर्वांत आधी त्यांचीच चूल बंद होते. म्हणजे कामगार संघटनेकडे असणारे सर्वांत जुने हत्यार या संघटनेच्या हाती नव्हते. म्हणून पंचायतीने महापालिकेकडे पाहिले. ती मालक नव्हती, पण मालकाच्या सर्वांत जवळ जाणारी तीच होती.

शिक्का आणि हिशेब

पंचायतीची सुरुवातीची मागणी आज ऐकायला फार लहान वाटते. सभासदांना संघटनेने दिलेल्या ओळखपत्रावर महापालिकेने आपली मान्यता उमटवावी, एवढेच तिचे म्हणणे होते. पहाटे पोते घेऊन फिरणाऱ्या बाईला चोर समजून हटकणे, चौकीवर बसवून ठेवणे, पोत्यातली तांब्याची तार कुठून आणलीस म्हणून दरडावणे हे रोजचे होते. सोसायटीचा रखवालदार फाटकातूनच हाकलून द्यायचा. १९९०च्या दशकाच्या मध्याला पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी अशा ओळखपत्रांना मान्यता दिली, आणि देशात अशी मान्यता देणाऱ्या त्या पहिल्या महापालिकांपैकी होत्या.

या मागणीतली चतुराई अशी की ती मान्य करायला महापालिकेला जवळजवळ काहीच खर्च नव्हता. अर्थसंकल्पात तरतूद नको, नगरसेवकांच्या मुख्य सभेत रणकंदन नको. पण शिक्का उमटला की ही बाई महापालिकेच्या दफ्तरात येते, आणि दफ्तरात आलेल्या माणसांसाठी पुढची मागणी करता येते. २००२-०३च्या सुमारास महापालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांसाठी वैद्यकीय विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली, ती याच नोंदणीच्या आधारे. अस्वच्छ व्यवसायांतील पालकांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती कचरावेचकांच्या मुलांना लागू करून घेण्यातही हीच नोंद उपयोगी पडली. पत्र, निवेदन, मोर्चा हे मार्ग पंचायतीने वापरलेच, आणि बाबा आढावांच्या संघटनेने मोर्चा काढला नाही असे कधी झालेले नाही. पण प्रत्येक मोर्चानंतर हातात एखादा कागद येईल अशी मागणी बेतण्याची शिस्त मला मोर्चापेक्षा महत्त्वाची वाटते.

दुसरे पाऊल हिशेबाचे होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील भंगार वेचणाऱ्यांचा व त्या व्यापाराचा एक अभ्यास झाला आणि तो २००१मध्ये पुढे आला. कचरावेचक जो माल निवडून बाजूला काढतात तो महापालिकेला वाहून न्यावा लागत नाही. गाड्या, डिझेल, मजुरी यांतली जी बचत होते तिचे मोल या अभ्यासाने मांडले, आणि एकेक कचरावेचक दरमहा सुमारे २४६ रुपयांचे काम महापालिकेसाठी फुकट करते असा आकडा काढला. पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या एसएनडीटीपासून या कामात असलेल्या कार्यकर्त्यांचा त्यात वाटा होता.

आकडा मोठा नाही. पण त्याने बोलण्याची दिशा पालटली. तोवर कचरावेचक म्हणजे कल्याणकारी योजनेचा विषय, म्हणजे समाजविकास विभागाच्या टेबलावरची फाईल होती. हिशेबानंतर ती घनकचरा विभागाच्या टेबलावर जाऊ शकली. महापालिकेकडे काही मागायला आलेला गट आणि महापालिकाच आपले काही देणे लागते असे दाखवून देणारा गट यांना मिळणारी वागणूक निराळी असते, हे ज्याने कधी क्षेत्रीय कार्यालयाच्या बाकावर दोन तास काढले आहेत त्याला वेगळे सांगायला नको.

नियम आले आणि कुंड्या निघाल्या

याच सुमारास दिल्लीहून एक मोठा बदल आला, आणि तो पंचायतीने मागितलेला नव्हता. बंगळुरूच्या अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात शहरांच्या कचऱ्याबाबत जनहित याचिका दाखल केली होती. तिच्या ओघात नागरी घनकचऱ्याचे नियम २००० साली लागू झाले. कचरा घरोघर जाऊन गोळा करावा, उघड्या कुंड्या काढाव्यात, वर्गीकरण व्हावे, उघड्यावर कचरा टाकणे थांबावे, असे हे नियम सांगत होते. नागरिकांच्या हिताचाच हा विजय होता. पण ज्या बाईचे पोट कुंडीवर होते, तिच्या दृष्टीने कुंडी काढणे म्हणजे दुकान बंद करणे होते. एका हितगटाने न्यायालयाच्या मार्गाने मिळवलेली सुधारणा दुसऱ्याच्या मुळावर कशी येते, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

या वळणावर पंचायतीने जो निर्णय घेतला तो या साऱ्या प्रकरणाचा कणा आहे. नियमांना विरोध करून कुंड्या राहू द्या म्हणणे सोपे होते आणि सभासदांना पटलेही असते. त्याऐवजी पंचायतीने म्हटले की घरोघर कचरा गोळा करायचाच असेल तर तो आम्हीच करू. महापालिकेला नियमांनी काम नेमून दिले होते, पण ते करायला माणसे नव्हती, आणि सफाई कामगारांची नवी भरती करायची तर पगार आणि निवृत्तिवेतनाचा बोजा येणार होता. पंचायतीकडे माणसे होती, ओळखपत्रे होती, हिशेब होता. २००५च्या सुमारास काही भागांत प्रायोगिक काम सुरू झाले, २००७मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था स्थापन झाली आणि २००८मध्ये महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. जाता जाता एक नोंद: केंद्र सरकारचे स्वच्छ भारत अभियान २०१४चे आहे. पुण्यातल्या कचरावेचकांनी हे नाव त्याच्या सात वर्षे आधी घेतले होते.

महापालिकेची घाई आणखी एका गटामुळे वाढली होती. शहराचा कचरा जिथे जाऊन पडत होता त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांचे लोक दुर्गंधी, माश्या आणि नासलेल्या विहिरींना कंटाळून कचऱ्याच्या गाड्या अडवू लागले होते. गाड्या अडल्या की दोन दिवसांत पेठांमधल्या कोपऱ्याकोपऱ्यांवर ढीग दिसू लागत आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रे येत, मग पालकमंत्र्यांच्या बैठका होत. कचरावेचकांना जे कधीच जमणार नव्हते, म्हणजे शहर ठप्प करणे, ते या गावकऱ्यांना रस्त्यावर बसून जमत होते. २०१७ साली ही दोन्ही गावे महापालिकेच्या हद्दीत आली, पण ज्या वर्षांत त्यांचा दबाव सर्वाधिक होता त्या वर्षांत त्यांना पुण्याच्या निवडणुकीत मतही नव्हते. वर्गीकरण झालेला, कमी वजनाचा कचरा ही गावकऱ्यांच्या रेट्याने निर्माण झालेली गरज होती आणि ती भागवण्याची तयारी कचरावेचकांनी दाखवली. या दोन गटांनी एकत्र बैठक घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही, तरी एकाच्या अडवणुकीने दुसऱ्याच्या करारासाठी जागा करून दिली असे म्हणायला हरकत नाही.

करारात काय होते आणि काय नव्हते

कराराची रचना थोडक्यात अशी. कचरावेचक महिलेला महापालिका पगार देत नाही. ज्या घरांचा कचरा ती उचलते त्यांच्याकडून ती दरमहा ठरलेले शुल्क घेते आणि सुक्या कचऱ्यातून निघालेले भंगार विकून येणारे पैसेही तिचेच. ओला कचरा आणि उरलेला टाकाऊ माल ती महापालिकेच्या गाडीपर्यंत पोहोचवते. ढकलगाड्या, बादल्या, हातमोजे, गणवेश यांसारखे साहित्य आणि संस्थेच्या व्यवस्थापनाचा खर्च महापालिकेने द्यायचा. संस्थेच्या संचालक मंडळात कचरावेचक महिलांचे बहुमत.

महापालिकेच्या बाजूने पाहिले तर हे फारच स्वस्तातले काम आहे, आणि इथेच डाव्या विचाराच्या मंडळींनी घेतलेला आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. शहर स्वच्छ ठेवणे ही महापालिकेची बंधनकारक जबाबदारी आहे. ती तिने शहरातल्या सर्वांत गरीब स्त्रियांच्या अंगावर टाकली, त्यांना ‘उद्योजक’ म्हटले आणि किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा या सगळ्यांतून स्वतःची सुटका करून घेतली, असा हा आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे. पण याच बाईला ठेकेदाराकडे रोजंदारीवर लागण्याचा पर्याय दिला तर ती काय निवडते हेही पाहावे लागेल. भंगारावरचा हक्क, स्वतःची वेळ आणि वरती मुकादम नसणे यांचे मोल पगारपत्रकात दिसत नाही. ठेकेदाराच्या गाडीवर साधारणतः पुरुष भरती होतात आणि पन्नाशीच्या, अक्षरओळख नसलेल्या बाईला तिथे जागा नसते, हेही व्यवहारातले वास्तव आहे. माझा कल या रचनेच्या बाजूने आहे, मात्र आक्षेप खोडून निघाला असे मी म्हणणार नाही.

रहिवाशांच्या तक्रारीही होत्या. आम्ही मिळकतकर भरतो, मग वेगळे पैसे कशाला, ही तक्रार प्रत्येक सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एकदा तरी निघते. ताई दोन दिवस आली नाही, कचरा वेगळा केला नाही म्हणून तिने उचलला नाही, सणाला पोस्त मागते, या तक्रारी घेऊन लोक संस्थेकडे जात नाहीत, ते नगरसेवकाला फोन करतात. नगरसेवकाला रोजच्या त्रासाचा एक विषय मिळतो आणि त्याला त्यावर सोपे उत्तर सुचते: गाडी लावा.

गाडी लावणारे

ठेकेदार हाही एक हितगट आहे, आणि त्याच्या प्रभावाची पद्धत कचरावेचकांच्या पद्धतीच्या अगदी उलट आहे. तो मोर्चा काढत नाही, निवेदन देत नाही, वर्तमानपत्राला पत्र लिहीत नाही. त्याचे सारे राजकारण निविदेच्या अटींमध्ये असते. मागील तीन वर्षांची उलाढाल किती असावी, अनामत किती, गाड्या स्वतःच्या किती, अनुभव कोणत्या प्रकारचा, या चार ओळी कशा लिहिल्या यावर कोण स्पर्धेत राहणार हे ठरते, आणि कचरावेचकांची सहकारी संस्था अशा अटींत बहुधा पहिल्याच चाळणीत गळते. म्हणून ‘निविदा काढा, पारदर्शकता येईल’ हे वाक्य कानाला निर्दोष वाटले तरी या प्रकरणात ते एका बाजूचे वाक्य आहे.

इथे महापालिकेचा कारभार कसा चालतो तेही लक्षात घ्यावे लागते. आयुक्त राज्य सरकारने नेमलेला असतो आणि प्रशासन त्याच्या हाती असते. मोठ्या खर्चाचे प्रस्ताव सोळा सदस्यांच्या स्थायी समितीपुढे जातात आणि धोरणाचे विषय मुख्य सभेपुढे. २०१७ साली निवडून आलेल्या पुण्याच्या मुख्य सभेत १६२ नगरसेवक होते. पंचायतीचे वजन आयुक्त आणि घनकचरा विभागाचे अधिकारी यांच्याकडे जास्त राहिले, कारण नियम आणि हिशेब यांची भाषा तिथे चालते. स्थायी समितीत निराळी भाषा चालते. प्रस्ताव फेटाळला जाण्याची भीती तिथे फारशी नसते, भीती असते ती तो ‘पुढील बैठकीपर्यंत तहकूब’ होण्याची. ज्याचा करार संपत आला आहे त्याच्यासाठी तहकुबी हा नकारच असतो, फक्त त्याची नोंद कोणाच्या नावावर होत नाही.

२०१३मध्ये पहिल्या कराराची मुदत संपली आणि पुढचा करार व्हायला २०१६ उजाडले. मधला काळ मुदतवाढींचा होता. हमालांच्या बाबतीत असा काळ संभवत नाही, कारण माथाडी कायद्याला मुदत नाही.

वापरलेले पॅड परत

याच सुमाराचा एक प्रसंग वेगळा नोंदवावा लागेल. कचरा वर्गीकरणात सर्वांत किळसवाणा भाग म्हणजे उघडे टाकलेले सॅनिटरी पॅड. २०१३च्या महिला दिनाच्या सुमारास ‘स्वच्छ’च्या महिलांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या ते बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडेच परत पाठवल्या. प्लॅस्टिक कचऱ्याच्या २०११च्या नियमांत उत्पादकाच्या जबाबदारीचे तत्त्व आलेले होतेच. मग तुमच्या मालाचा कचरा तुम्हीच पाहा, असे त्यांचे म्हणणे होते. या वेळी निशाणा महापालिका नव्हती, आणि मागणीही पैशांची नव्हती. पॅडच्या पाकिटासोबत ते गुंडाळून टाकण्यासाठी आवरण द्या, इतकीच होती.

८ एप्रिल २०१६ रोजी लागू झालेल्या केंद्राच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत पॅडच्या उत्पादकांनी असे आवरण द्यावे ही तरतूद आली. त्याच नियमांत ‘कचरावेचक’ या शब्दाची व्याख्या आली आणि स्थानिक संस्थांनी त्यांना कचरा व्यवस्थापनात सामावून घ्यावे असेही म्हटले गेले. देशभरातल्या कचरावेचक संघटनांच्या आघाडीत पुण्याची पंचायत पुढे होती, आणि पुण्याचे उदाहरण चालू स्थितीत दाखवता येत होते, याचा त्यात वाटा आहे. सगळे श्रेय पुण्याला देणे मात्र बरोबर होणार नाही. आवरणाच्या तरतुदीचे पुढे काय झाले, हे कोणीही आपल्या घरातला कचऱ्याचा डबा उघडून पाहावे. नियमावलीत शब्द येणे आणि तो शब्द एखाद्या महापालिकेवर बंधनकारक ठरणे यांत जे अंतर असते, तेच २०२०मध्ये पुन्हा दिसले. व्याख्या दिल्लीच्या राजपत्रात होती, मुदतवाढ मात्र शिवाजीनगरच्या इमारतीत मागावी लागत होती.

पत्रे

करोनाच्या साथीत, टाळेबंदीच्या पहिल्या दिवसापासून, कचरा उचलला जात होता. ज्या सोसायट्यांनी मोलकरणींना आणि वर्तमानपत्र टाकणाऱ्यांना फाटकाबाहेर ठेवले त्यांनी कचरावेचक महिलेला आत येऊ दिले, कारण पर्याय नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस करार संपला, आणि काम खासगी ठेकेदाराकडे देण्याचा विचार महापालिकेत जोर धरू लागला.

पंचायतीने आंदोलन केलेच, पण यावेळी तिने एक नवी फळी उभी केली. इतकी वर्षे जे गिऱ्हाईक होते त्यालाच तिने साक्षीदार केले. कचरावेचक महिलांनी आपापल्या घरांमधून पाठिंब्याची पत्रे गोळा केली. ही कल्पना साधी दिसते, पण तिच्यामुळे प्रभावाचे गणित बदलते. कचरावेचक महिलेचे मत ती राहते त्या वस्तीच्या प्रभागात असते, आणि काम करते त्या प्रभागाच्या नगरसेवकाला तिच्या नाराजीचे काहीच वाटत नाही. पण ती रोज ज्या दीड-दोनशे दारांवर जाते त्या दारांतली मते त्याच प्रभागातली असतात. संस्थेचा कामाचा नकाशा आणि निवडणुकीचा नकाशा प्रथमच एकावर एक ठेवला गेला.

पुण्यात नागरिकांचे मंच पुष्कळ आहेत. टेकड्यांसाठी, नदीसाठी, पदपथांसाठी, माहितीच्या अधिकारासाठी लढणारे. २००६पासून महापालिकेने नागरिकांना अंदाजपत्रकात कामे सुचवण्याची संधीही दिली. या सगळ्यात एक अदृश्य अट असते, ती म्हणजे अर्ज भरता येणे, ईमेल लिहिता येणे, कामाच्या दिवशी अकरा वाजता सुनावणीला हजर राहता येणे. पत्रांच्या मोहिमेत ही अट रहिवाशांनी पुरी केली आणि मागणी कचरावेचकांची राहिली. मध्यमवर्गाने इतरांच्या वतीने बोलण्याचे प्रसंग या शहरात अनेक झाले. इतरांनी मध्यमवर्गाला आपल्या वतीने बोलायला लावण्याचे प्रसंग मात्र फार नाहीत. ज्या सोसायटीने वर्षभरापूर्वी शुल्कावरून तक्रार केली तिनेच हे पत्र दिले असे घडणे अगदी शक्य आहे, आणि त्यात मला विसंगती दिसत नाही. शुल्काची तक्रार ही त्या बाईबद्दल नसते. ती मिळकतकराबद्दल असते.

काम ‘स्वच्छ’कडून काढून घेतले गेले नाही. मुदतवाढी चालू राहिल्या. १४ मार्च २०२२ रोजी निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, आणि स्थायी समिती व मुख्य सभा या दोन्हींचे अधिकार प्रशासक म्हणून आयुक्तांकडे गेले. निवेदनाच्या १६२ प्रती काढण्याचे कारण उरले नाही. तहकुबीची भीती गेली आणि प्रभागातल्या मतांचे गणितही तेवढ्यापुरते बाजूला पडले. मार्च २०२२ ते २०२५च्या मध्यापर्यंत त्या खुर्चीवर विक्रम कुमार, राजेंद्र भोसले आणि नवल किशोर राम असे तीन आयुक्त बसले. आयुक्त बदलले की ओळखपत्र, २४६ रुपये, २००८चा करार हे सारे नव्या अधिकाऱ्याला पहिल्यापासून सांगावे लागते, आणि ते सांगायला पंचायतीचे लोक फाईल घेऊन पुन्हा त्याच मजल्यावर जातात.